ग्रीन टी, बीपी आणि माझी वही

रिपोर्टमधले आकडे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यांच्याभोवती फिरतं. एकूण कोलेस्टेरॉल 238, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल 156, एचडीएल म्हणजे चांगलं 42, ट्रायग्लिसराइड्स ही रक्तातली चरबी 200. दवाखान्यात मोजलेलं बीपी 148/94. वय पन्नाशी ओलांडलेलं. वडिलांना साठीच्या आतच अर्धांगवायूचा झटका आला होता आणि त्यानंतरची त्यांची वर्षं मी जवळून पाहिली आहेत. त्यामुळे हे आकडे बघून माझ्या पोटात गोळा आला.

आमच्या डॉक्टरांनी रिपोर्ट नीट वाचला. म्हणाले, "मॅडम, गोळी आजही देता येईल. पण शुगर नाही, किडनी चांगली आहे, ईसीजी चांगला आहे. थोडा वेळ घेऊ. मीठ, खाणं, चालणं बघा. घरी बीपी मोजा आणि लिहून ठेवा. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासू."

सांगलीत मी हायस्कूलला विज्ञान शिकवते. माझं बीपी वाढल्याचं कळलं आणि स्टाफरूममध्ये जो तो ग्रीन टी सुचवायला लागला. कुणाच्या मेव्हण्याचं कोलेस्टेरॉल महिनाभरात उतरलं होतं, कुणाच्या जाऊबाईंची गोळी सुटली होती. सगळे मनापासून सांगत होते. पण ग्रीन टीबरोबर आणखी काय बदललं, असं विचारलं की हळूहळू बाकीच्या गोष्टी बाहेर यायच्या. साखर बंद केली होती, रात्रीचा भात सोडला होता, संध्याकाळी चालायला सुरुवात केली होती. मग उतार पडला तो नेमका कशामुळे? वर्गात मी मुलांना सांगते की प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदला, बाकी सगळं जसंच्या तसं ठेवा. तेच स्वतःवर करून बघायचं ठरवलं. आधी फक्त ग्रीन टी, जेवणखाण आहे तसं. त्यानंतर बाकीचे बदल. डॉक्टरांना विचारलं. त्यांनी होकार दिला, पण अट घातली : वरचं बीपी 160 च्या पुढे गेलं तर तीन महिने थांबायचं नाही, त्याच दिवशी यायचं.

चहाचा डबा उघडायच्या आधी बीपी मोजायला शिकावं लागलं, आणि हा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. दंडाला पट्टा बांधायचं इलेक्ट्रॉनिक मशीन आणलं आणि दवाखान्यातल्या उपकरणाशी ताडून घेतलं. मोजायच्या आधी लघवीला जाऊन यायचं. अर्धा तास चहा-कॉफी नाही, व्यायाम नाही. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून शांत बसायचं. पायावर पाय टाकायचा नाही. हात टेबलावर, पट्टा हृदयाच्या पातळीत आणि उघड्या दंडावर, ब्लाउजच्या बाहीवर नाही. मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं, दोन्ही आकडे लिहायचे. मोजताना बोलायचं नाही.

हा शेवटचा नियम किती खरा आहे ते घरातच दिसलं. पट्टा फुगत असताना ह्यांनी स्वयंपाकघरातून विचारलं, "गॅसचा नंबर लावला का गं?" मी उत्तर दिलं आणि आकडा 152 आला. पुन्हा गप्प बसून मोजलं तर 141. मध्ये ना औषध, ना चहा, फक्त एक वाक्य. पुढे ग्रीन टीचा फरक दोन-तीन अंकांचा आहे असं वाचलं, तेव्हा हा अकरा अंकांचा फरक मला सारखा आठवत राहिला.

काहीही न बदलता नुसतं नीट मोजल्यावर सकाळ-संध्याकाळची सरासरी 141/89 निघाली. दवाखान्यातल्यापेक्षा कमी, पण घरच्या मोजणीची मर्यादा 135/85 धरतात, तिच्या वरच. म्हणजे दुखणं खरं होतं.

आता चहाविषयी. ग्रीन टी आणि आपला रोजचा चहा एकाच झाडाचे, कॅमेलिया सायनेन्सिस त्याचं नाव. खुडलेली पानं लगेच वाफवली किंवा कढईत परतली की त्यांतली विकरं (एन्झाइम) निकामी होतात, पान हिरवट राहतं आणि कॅटेचिन नावाची द्रव्यं टिकतात. काळ्या चहात पान चुरडून हवेत काळवंडू देतात, त्यात बहुतेक कॅटेचिनांचं रूपांतर होऊन जातं. या कॅटेचिनांमधलं मुख्य ते ईजीसीजी, ग्रीन टीच्या औषधी गुणांची चर्चा बहुतांशी त्याचीच असते. अंगणातला गवती चहा निराळा. ते सुगंधी गवत आहे, त्याचा या कॅटेचिनांशी संबंध नाही. आमच्या शिपाईमावशी बरेच दिवस गवती चहा उकळून ग्रीन टी म्हणून घेत होत्या. त्यांना मी हे समजावून सांगितलं, आणि गवती चहा आवडत असेल तर खुशाल घ्या, असंही सांगितलं.

माझी मुलगी हिमाचलला गेली होती, तिने पालमपूरहून कांगड्याची ग्रीन टी आणली. त्या खोऱ्यात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चहा होतो. 1905 च्या भूकंपात तिथले मळे आणि कारखाने उद्ध्वस्त झाले, तरी लागवड टिकून राहिली. पानं सुटी होती, वळलेली, करड्या-हिरव्या रंगाची. आपल्याला चहा खळखळून उकळायची सवय. उकळत्या पाण्यात ही पानं टाकली की घशाला कडवट तुरटपणा धरतो आणि माणूस दुसऱ्या दिवशी डबा उचलून मागे ठेवून देतो. पाण्याला उकळी आली की गॅस बंद करायचा, झाकण काढून चार-पाच मिनिटं थांबायचं, म्हणजे ते साधारण 80 अंशांवर येतं. मग कपाला एक लहान चमचा पानं टाकायची, दोन ते तीन मिनिटं झाकायचं आणि लगेच गाळायचं. पान तळाशी जाऊन हळूहळू उलगडतं, अख्खं पान आणि कोवळा देठ स्पष्ट दिसतो. रंग फिकट पिवळा येतो. चव भाजलेल्या कणसाच्या जवळ जाणारी, मागे किंचित गोडसर. मला ती आवडली, आणि आवडली म्हणूनच पुढे टिकली.

दिवसाला तीन कप ठरवले. दुधाचा चहा आधीसारखाच चालू ठेवला : चार कप, कपाला दोन चमचे साखर. तोही त्याच वेळी कमी केला असता तर श्रेय कुणाचं ते कळलंच नसतं. शेवटचा कप दुपारी चारच्या आत घ्यायचा, कारण ग्रीन टीतही कॅफिन असतं. कॉफीहून बरंच कमी, पण झोप उडवायला पुरेसं. एका रविवारी कप पिऊन अर्ध्या-पाऊण तासाने मुद्दाम बीपी मोजलं, तर थोडं वाढलेलं होतं. यात घाबरण्यासारखं काही नाही. कॅफिनने तात्पुरतं बीपी चढतं आणि ओसरतं. मात्र चहा पिऊन लगेच बीपी मोजू नये, हे त्यावरून पक्कं झालं.

तिसरा महिना संपताना रक्त दिलं. एकूण कोलेस्टेरॉल 233, एलडीएल 151, एचडीएल तितकंच, ट्रायग्लिसराइड्स 198. घरच्या बीपीची सरासरी 139/88.

म्हणजे एलडीएल पाच अंकांनी उतरलं, वरचं बीपी दोन अंकांनी. पण एवढ्यावरून ग्रीन टी लागू पडली असं म्हणता येईना. एकाच माणसाचं रक्त आठवड्याच्या अंतराने दिलं तरी कोलेस्टेरॉलमध्ये काही टक्क्यांचा फरक येतोच. एकट्या माझ्या शरीरावरून एवढ्या लहान फरकाचा निवाडा होणं शक्य नव्हतं. त्यासाठी हजारो माणसं लागतात. म्हणून अशा चाचण्यांचं वाचन सुरू केलं.

2020 मध्ये 31 चाचण्या एकत्र करून काढलेला निष्कर्ष आहे. त्यात मिळून 3,321 माणसं होती. ग्रीन टी किंवा तिचा अर्क घेणाऱ्यांचं एकूण कोलेस्टेरॉल सरासरी 4.7 च्या आसपास आणि एलडीएल साधारण 4.5 मिलिग्रॅमने कमी झालं. बीपीवरच्या 13 चाचण्यांचा असाच एकत्रित अभ्यास 2014 मध्ये आला, त्यात 1,367 माणसं होती. वरचं आणि खालचं, दोन्ही बीपी दोन अंकांच्या आतबाहेर उतरलं. माझ्या वहीतला फरक याच्या अगदी जवळचा होता. वाचून समाधान वाटलं, पण माझ्या एकटीच्या बाबतीत तो योगायोगही असू शकतो, हेही मी वहीत लिहून ठेवलं.

एवढासा का होईना, परिणाम होतो कसा, ते समजून घेताना मला फार आनंद झाला. खाल्लेलं कोलेस्टेरॉल आणि पित्तातून आलेलं कोलेस्टेरॉल आतड्यात पित्तक्षारांच्या बारीक थेंबांत विरघळतं, तेव्हाच ते शोषलं जातं. कॅटेचिनं या थेंबांच्या घडणीत अडथळा आणतात, त्यामुळे काही कोलेस्टेरॉल न शोषता बाहेर जातं. बीपीचं वेगळं. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड स्रवतं आणि त्याने वाहिनी सैलावते. कॅटेचिनं त्या स्रवण्याला मदत करतात. त्याच कपातलं कॅफिन थोडा वेळ उलट दिशेला ओढतं. या ओढाताणीतून शेवटी जे उरतं, ते दोन अंक.

जपानचा एक अभ्यास सगळीकडे सांगितला जातो, तो मी काळजीपूर्वक वाचला. मियागी प्रांतातल्या ओसाकी भागात 1994 पासून 40 ते 79 वयाच्या 40,530 माणसांवर लक्ष ठेवलं गेलं आणि 2006 मध्ये निष्कर्ष छापून आले. दिवसाला पाच किंवा अधिक कप पिणाऱ्यांत हृदयविकार आणि पक्षाघाताने होणारे मृत्यू एक कपापेक्षा कमी पिणाऱ्यांहून कमी होते, बायकांमध्ये 31 टक्क्यांनी, पुरुषांमध्ये 22 टक्क्यांनी. पक्षाघाताचं नाव वाचून वडील डोळ्यांसमोर आले आणि क्षणभर वाटलं, बस, आता पाच कप. पण ही निरीक्षणं आहेत. पाच कप पिणारा माणूस इतर बाबतीतही वेगळा असू शकतो, आणि संशोधकांनी वय, वजन, सिगारेट, खाणं या गोष्टींचा हिशेब केला तरी सगळंच हिशेबात धरता येत नाही. शिवाय तिथला चहा बिनदुधाचा, बिनसाखरेचा, आयुष्यभराचा. त्याच 2006 साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ग्रीन टीच्या पाकिटावर हृदयरोगाचा धोका कमी होतो असं छापायला परवानगी नाकारली, पुरावा पुरेसा नाही म्हणून. मला ते योग्य वाटलं.

यानंतर दुसरा टप्पा, आणि आकडे हलले ते इथे.

आमच्या घरात महिन्याला मीठ किती लागतं, हे मी त्याआधी कधी मोजलं नव्हतं. किराण्याच्या यादीतून काढलं : दीड किलो, माणसं चार. भागाकार केला तर माणशी दिवसाला साडेबारा ग्रॅम. थोडं भाताच्या पाण्याबरोबर, धुण्यात वाया जातं असं धरलं तरी जागतिक आरोग्य संघटना सांगते त्या पाच ग्रॅमच्या दुप्पट सहज. यात विकतचा भडंग, फरसाण, खारी आणि बेकरीचा ब्रेड धरलेला नाही. पापडात पापडखारही असतो, त्यातही सोडियमच. जेवणात ताटाच्या डाव्या बाजूला आमच्याकडे लोणचं, खर्डा, शेंगदाण्याची चटणी आणि वर पापड हे सगळं एकाच वेळी असायचं. आता त्यातलं एकच असतं, आलटून पालटून. कणकेत मीठ बंद केलं. आमटीत कमी करून वरून लिंबू पिळायला लागले. सासूबाईंना पहिले काही दिवस जेवण अळणी लागलं, मग जीभ सरावली. आता लग्नाच्या पंगतीतली भाजी त्यांनाच खारट लागते.

दुसरी गोष्ट साखर. चार कपांत दोन-दोन चमचे म्हणजे दिवसाला 35-40 ग्रॅम साखर केवळ चहातून पोटात जात होती. आता दुधाचा चहा सकाळी एकच, अर्धा चमचा साखरेचा. बाकीच्या तीन वेळांना ग्रीन टी. आणि इथे ग्रीन टी मला खरी उपयोगी पडली. दुधाच्या चहाबरोबर बिस्किट, खारी, भडंग आपोआप येतं. ग्रीन टीबरोबर ते जात नाही, तशी इच्छाच होत नाही. मधल्या सुट्टीत हातात गरम कप मात्र असतो, सगळ्यांबरोबर बसता येतं, गप्पा होतात. चहाच सोडा म्हटलं असतं तर मला जमलं नसतं.

तिसरी गोष्ट, रोज संध्याकाळी ह्यांच्याबरोबर कृष्णेच्या घाटाकडे पाऊण तास चालणं.

या टप्प्यानंतरचा रिपोर्ट असा : एकूण कोलेस्टेरॉल 214, एलडीएल 139, एचडीएल 45, ट्रायग्लिसराइड्स 150. घरचं बीपी 131/83. वजनही चार किलोंनी उतरलं होतं. ट्रायग्लिसराइड्समधली पन्नासची घट प्रामुख्याने साखरेची आणि वजनाची, असं डॉक्टर म्हणाले. त्यात ग्रीन टीचा स्वतःचा वाटा फार नसावा, पण साखर सोडवण्यात तिचा मोठा हात आहे.

मध्येच एक गोष्ट लक्षात आली, ती बायकांनी विशेष ध्यानात ठेवावी. माझं हिमोग्लोबिन 11.2 होतं, आणि माझा ग्रीन टीचा एक कप नेमका दुपारच्या डब्याला लागून होता. मेथी, पालक, डाळी, नाचणी यांतलं लोह चहातल्या पॉलिफेनॉलांशी (कॅटेचिनं त्यांतलीच) बांधलं जातं आणि शोषलं जात नाही. मटण-मासळीतल्या लोहाला हा त्रास कमी, पण आमचं घर शाकाहारी. डॉक्टरांनी जेवणाच्या आधी-नंतर किमान तासभर कोणताही चहा घेऊ नका असं सांगितलं आणि लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. आपल्याकडे जेवून उठल्या उठल्या चहा घेणाऱ्या कितीतरी बायका रक्त कमी आहे म्हणून दवाखान्याच्या चकरा मारत असतात. त्यांना हे कुणीतरी सांगायला हवं असं मला फार वाटतं.

एका सहकारी शिक्षिकेने वजनासाठी ग्रीन टी अर्काच्या कॅप्सूल मागवल्या होत्या. डबी माझ्याकडे आणून विचारलं, "ताई, हे कपापेक्षा बरं ना? एकदा गिळलं की झालं." आम्ही दोघींनी लेबल वाचलं. दिवसाच्या मात्रेत ईजीसीजी 800 मिलिग्रॅमच्या वर जात होतं. एका कपात ते साधारण 50 ते 100 मिलिग्रॅम असतं, आणि तेही पाण्यातून, सावकाश, दिवसभरात विभागून पोटात जातं. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2018 मध्ये स्पष्ट म्हटलंय की अर्काच्या रूपात दिवसाला 800 मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी घेणाऱ्यांत यकृताची विकरं वाढलेली दिसतात, म्हणजे यकृताला इजा झाल्याची खूण. नेहमीसारखी कपातून प्यायलेली ग्रीन टी त्यांनी सर्वसाधारणपणे सुरक्षित मानली आहे. मी तिला डबी बाजूला ठेवायला सांगितलं आणि डॉक्टरांकडे घेऊन गेले. तिने कॅप्सूल बंद केल्या.

गोळ्यांशी होणाऱ्या भांडणाचंही असंच आहे. नॅडोलोल नावाचं बीपीचं औषध ग्रीन टीबरोबर घेतलं तर रक्तात त्याचं प्रमाण 85 टक्क्यांपर्यंत घटलेलं जपानमधल्या एका छोट्या चाचणीत दिसलं. औषध आतड्यातून आत नेणारी वाटच चहा अडवतो. आपल्याकडे हे औषध फारसं देत नाहीत, पण बीपीची गोळी ग्रीन टीच्या घोटाबरोबर गिळणारे लोक मी पाहिले आहेत. गोळी साध्या पाण्याबरोबरच घ्यावी. वॉरफेरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर भरपूर ग्रीन टी सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारावं. आणि चालू असलेली कुठलीही गोळी चहाच्या भरवशावर स्वतःहून बंद करू नये. स्टाफरूममधल्या त्या जाऊबाईंची गोळी सुटली ती डॉक्टरांनी सोडवली का, हे मी नंतर विचारलं. तसं नव्हतं. आता त्या पुन्हा तपासणी करून आल्या आहेत आणि गोळी चालू आहे.

माझ्या बाबतीत डॉक्टरांनी दोन वेगळे निर्णय घेतले. बीपी 135/85 च्या खाली टिकलंय, तेव्हा त्याची गोळी तूर्त नको, वही चालू ठेवा. एलडीएलचं मात्र त्यांनी थांबवलं नाही. वडिलांचा इतिहास, माझं वय, आणि सहा महिने सगळं करूनही 139. त्यांनी 10 मिलिग्रॅम ॲटोर्व्हास्टॅटिन लिहून दिली. पुढच्या तपासणीत एलडीएल 88 आलं. ग्रीन टीने पाच, खाण्याचालण्याने बारा, गोळीने एक्कावन्न. हे तीन आकडे मी वहीच्या एकाच पानावर एकाखाली एक लिहिले आहेत आणि जो ग्रीन टीचं विचारतो त्याला ते पान दाखवते.

गोळी रात्री जेवणानंतर पाण्याबरोबर घेते. दिवसातले ग्रीन टीचे तीन कप चालू आहेत, जेवणापासून लांब. हिमोग्लोबिन बाराच्या वर आलंय. पालमपूरचा डबा संपला, आता गणपती पेठेतल्या दुकानातून निलगिरीची सुटी पानं आणते. पुढची रक्ततपासणी दिवाळीनंतर आहे, आणि या वेळी ह्यांचंही रक्त देणार आहोत.